डीमॅग करूनही जॉबला भुकटी चिकटते, चूक कुठे होतेय?

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात सरफेस ग्राइंडरवर (सपाट अंग घासून मापात आणणाऱ्या मशीनवर) काम करणाऱ्या एका तरुणाचा प्रश्न आहे. आधी तो थोडक्यात मांडतो. ईएन-३१ या पोलादाच्या गाइड पट्ट्या आहेत: २०० मिमी लांब, ४० रुंद, १२ जाड, हार्डनिंग करून ६० एचआरसी (कडकपणाचं माप). इलेक्ट्रोमॅग्नेटिक चकवर (जॉब विद्युतचुंबकाने धरून ठेवणाऱ्या टेबलावर) ग्राइंड केल्यावर तो पट्टी प्लेट डीमॅग्नेटायझरवर (उरलेलं चुंबकत्व घालवणाऱ्या, म्हणजे ‘डीमॅग’ करणाऱ्या यंत्रावर) ठेवतो, दोन-तीनदा फिरवतो, स्विच बंद करतो आणि उचलतो. गिऱ्हाइकाच्या ड्रॉइंगवर ३ गॉसची (गॉस हे चुंबकक्षेत्राचं एकक) मर्यादा आहे. त्यांच्या मीटरवर कधी २ येतं, कधी १२, आणि लॉट परत येतो. कडांना ग्राइंडिंगची काळी भुकटी चिकटलेली असते, ती फडक्याने पुसूनही जात नाही. विकणारा म्हणतो मोठा डीमॅग्नेटायझर घ्या. काका म्हणतात चक म्हातारा झाला, पकड ढिली पडलीय, तोच बदला. मिस्त्री म्हणतात पट्टी हातोडीने ठोक, मॅग्नेट पळून जातो. यातलं खरं कुणाचं? आणि जाता जाता एक शंका: सोमनाथाची मूर्ती लोहचुंबकाच्या जोरावर अधांतरी होती म्हणतात, ते खरं का?

इथे दोन तक्रारी एकाच पोत्यात भरल्या आहेत. जॉबमध्ये चुंबकत्व मागे राहतंय, ही एक. चकची पकड कमी वाटतेय, ही दुसरी. दोन्हींत ‘मॅग्नेट’ हा शब्द आला म्हणून त्या एक होत नाहीत. चक बदलून पहिली तक्रार जाणार नाही. नवा चक जास्त दणकट निघाला तर वाढेलसुद्धा. म्हणून काकांचा मुद्दा थोडा बाजूला ठेवू आणि आधी जॉबकडे बघू.

मशीन समोर नसताना सगळं खात्रीने सांगता येत नाही. पोलाद कुठलं, किती कडक, आकार कसा, गिऱ्हाईक कुठल्या जागी मोजतंय, यावर पुष्कळ अवलंबून असतं. पण ‘स्विच बंद करतो आणि उचलतो’ हे वाक्य वाचलं की निम्मं निदान तिथेच होतं. ‘कधी २, कधी १२’ हा दुसरा धागा. प्लेट कमजोर असती तर आकडे साधारण एकाच पातळीला वर राहिले असते. असे लॉटरीसारखे वर-खाली होतात तेव्हा दोष बहुधा हाताच्या सवयीत असतो.

याचं कारण समजायला चुंबकत्व म्हणजे काय ते नीट बघावं लागतं. ते जॉबमध्ये मुरलेलं पाणी नव्हे की पिळून काढलं. लोखंडात अतिसूक्ष्म विभाग असतात, त्यांना डोमेन म्हणतात. ही कल्पना फ्रेंच शास्त्रज्ञ पिएर वाइस यांनी १९०७ मध्ये मांडली. प्रत्येक डोमेन स्वतः पुरतं चुंबकच असतं, फक्त ज्याची त्याची दिशा वेगळी. चैत्र यात्रेत जोतिबाच्या डोंगरावर सासनकाठ्या नाचतात तेव्हा एक इकडे झुकलेली असते, दुसरी तिकडे. लांबून बघितलं तर एकूण झुकाव शून्य. जोराचा वारा सुटला की सगळ्या एका अंगाला कलतात. चक चालू करणं म्हणजे हा वारा. वारा थांबल्यावर मऊ लोखंडातल्या काठ्या लगेच आपापल्या नादाला लागतात. हार्डनिंग केलेल्या पोलादात मात्र आतली रचना इतकी ताणलेली आणि कार्बाइडच्या कणांनी भरलेली असते की कललेली काठी तशीच अडकून बसते. माणूस दमदार आहे, पण पाय चिखलात रुतलेत, तशी गत. ईएन-३१ कडक केल्यावर चुंबकत्व घट्ट धरून ठेवतं ते यामुळे. त्याच चकवरून काढलेला माइल्ड स्टीलचा तुकडा बहुतेक साफ निघतो.

विल्यम स्टर्जन या इंग्रज माणसाने १८२५ मध्ये पहिला उपयोगी विद्युतचुंबक दाखवला, तो याच फरकावर उभा होता. जेमतेम २०० ग्रॅमच्या मऊ लोखंडी नालावर तारेचे वेढे दिले होते. प्रवाह सोडला की तो सुमारे ४ किलो उचलायचा आणि प्रवाह तोडला की सोडून द्यायचा. तुमचा चक त्याच वंशातला आहे. ग्राइंड होणारी पट्टी मात्र नेमकी उलट स्वभावाची, धरलेलं न सोडणारी.

आता डीमॅग्नेटायझर काय करतो ते बघा. तो चुंबकत्व ओढून काढत नाही, तर ढवळतो. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे प्लेटवरच्या क्षेत्राची दिशा सेकंदाला १०० वेळा पालटते. काठ्या इकडून तिकडे, तिकडून इकडे. आधी सगळ्या जोरात हलल्या पाहिजेत, आणि मग हा हेलकावा प्रत्येक पालटीला थोडा थोडा कमी होत शून्यावर यायला हवा. तरच शेवटी त्या वाटेल तशा विखुरतात आणि एकमेकींचा झुकाव मारतात. सगळी मेख या ‘थोडा थोडा कमी’मध्ये आहे. जॉब प्लेटवर असताना स्विच बंद केला, तर लाट त्या क्षणी जिथे असेल तिथेच सगळं गोठतं. योगायोगाने लाट शून्याजवळ असली तर २ गॉस, टोकाला असली तर १२. गिऱ्हाइकाच्या मीटरवरचे आकडे हेच सांगत आहेत.

म्हणून पद्धत अशी ठेवा. प्लेट रिकामी असताना स्विच चालू करा. पट्टी एका बाजूने आणा, प्लेटच्या मधल्या फटीला (दोन ध्रुवांच्या मधल्या जागेला) ओलांडत तिच्यावरून न्या, आणि त्याच संथ गतीने पुढे प्लेटपासून लांब नेत राहा. गती सेकंदाला १० सेंटिमीटरच्या आसपास असावी. हिशेब साधा आहे: सेकंदाला १०० पालटी आणि १० सेंटिमीटर, म्हणजे प्रत्येक सेंटिमीटरला १० पालटी मिळतात. झटक्याने एका सेकंदात मीटरभर ओढून काढली तर सेंटिमीटरला एकच पालट पडते, आणि ‘थोडा थोडा कमी’ हे घडतच नाही. ५०-६० सेंटिमीटर लांब गेल्यावर पट्टी खाली ठेवा. मग ती उलटी करून दुसऱ्या अंगाने हाच प्रकार करा. स्विच बंद करायचा तो सगळा माल लांब गेल्यावर. प्लेटवर पट्टी थरथरते, हाताला जाणवते. जसजशी लांब जाते तशी थरथर विरत जाते. ती थरथर अचानक तुटली तर समजा हात घाईत गेला.

उलटी करण्यामागे कारण आहे. ५० हर्ट्झचं क्षेत्र पोलादात फार खोल शिरत नाही. पोलादाच्या प्रकारानुसार फरक पडतो, पण साधारण १-२ मिमी खोलीनंतर त्याचा जोर झपाट्याने ओसरतो. १२ मिमीच्या पट्टीला दोन्ही अंगांनी दिलं की बहुतेक वेळा भागतं, कारण चकने दिलेलं चुंबकत्वही मुख्यतः टेकलेल्या अंगाजवळच असतं. ४०-५० मिमी जाडीचा कडक डाय ब्लॉक असेल तर मात्र ही प्लेट वरवर साफ करते आणि आतलं तसंच राहतं. तिथे कमी फ्रिक्वेन्सीचा किंवा उलटसुलट डीसी देत देत उतरवणारा डीमॅग्नेटायझर लागतो. तसा जाड माल तुमच्याकडे येत असेल तर विकणाऱ्याचं म्हणणं ऐकण्यासारखं आहे, पण त्याला ‘मोठा’ नको, ‘कमी फ्रिक्वेन्सीचा’ मागा.

आणखी तीन सवयी घात करतात. पहिली, चार पट्ट्या एकावर एक ठेवून फिरवणं: आतल्या पट्ट्यांना बाहेरच्या झाकून टाकतात, त्यांच्यापर्यंत क्षेत्र पोचतच नाही. दुसरी, पत्र्याच्या ट्रेमध्ये ठेवून फिरवणं. ट्रे लोखंडी असला की क्षेत्र ट्रेच खातो. प्लॅस्टिक किंवा लाकडी ट्रे घ्या, नाहीतर हातानेच करा. तिसरी, साफ झालेली पट्टी परत मॅग्नेटिक बेस, मॅग्नेटिक व्ही-ब्लॉक किंवा चकच्या कडेला नेऊन ठेवणं. केलेलं सगळं मातीत. प्लेटची कॉइल तापते हेही लक्षात ठेवा. अशा बऱ्याच प्लेट अखंड चालवायच्या नसतात, नेमप्लेटवर किती वेळ चालवायची ते लिहिलेलं असतं.

प्लेट खरोखरच कमजोर आहे का, हे ओळखायची युक्ती फुकट आहे. माइल्ड स्टीलचा त्याच मापाचा तुकडा घ्या, चकवर धरा, मग वरच्या पद्धतीने डीमॅग करा. नंतर ईएन-३१ ची पट्टी अगदी तशीच करा. माइल्ड स्टील साफ आणि ईएन-३१ अडून बसली तर प्लेटचा जोर कमी पडतोय. सुरुवातीचा हेलकावा पट्टी चुंबकित करणाऱ्या जोराच्या तोडीचा हवा, नाहीतर रुतलेल्या काठ्या हलतच नाहीत. दोन्ही साफ निघाल्या तर पैसे वाचले.

पण त्याआधी, चुंबकत्व आलं कुठून, हे बघायला हवं, आणि त्यासाठी मीटरसुद्धा लागत नाही. चकवरून काढलेली, डीमॅग न केलेली पट्टी घ्या. टेकलेलं अंग वर करून लाकडी टेबलावर ठेवा. वर साधा पांढरा कागद अंथरा आणि त्यावर कोरडी, तेल नसलेली ग्राइंडिंगची भुकटी चिमटीने भुरभुरा. कागदाला बोटाने हलकी टिचकी मारा. भुकटीचे समांतर पट्टे उमटले आणि दोन पट्ट्यांतलं अंतर चकच्या ध्रुवांच्या अंतराशी जुळलं (चकवर पितळी पट्ट्या दिसतात, त्यांच्यामध्ये मोजा), तर चुंबकत्व चकचंच. चकचे ध्रुव एकाआड एक उत्तर-दक्षिण असतात, त्यांचा ठसा पट्टीवर जसाच्या तसा उठतो. याउलट मध्ये भुकटी विखुरलेली आणि फक्त दोन टोकांना गोंडे उभे राहिलेले दिसले, तर पट्टी लांबीच्या दिशेने चुंबकित झाली आहे. हे चकचं काम नव्हे. मॅग्नेटिक पार्टिकल टेस्ट (चुंबकित करून भेगा शोधायची तपासणी) झाली असेल, हीट ट्रीटमेंटवाल्याने मॅग्नेटने उचलली असेल, किंवा मिस्त्रींची हातोडी! तिच्याकडे येतोच.

पट्टे चकचे निघाले तर चकवरून जॉब सोडवण्याची रीत तपासा. इलेक्ट्रोमॅग्नेटिक चकचा स्विच नुसता बंद केला तरी चकच्या वरच्या प्लेटमध्ये आणि जॉबमध्ये थोडं उरतंच. नव्या कंट्रोलरमध्ये डीमॅग सायकल असते: उलटसुलट डीसी देत, प्रत्येक वेळी कमी करत, काही सेकंदांत शून्यावर आणते. प्लेट डीमॅग्नेटायझरचंच तत्त्व, फक्त इथे जॉब हलवावा लागत नाही. ती सायकल पूर्ण होऊ द्या. घाईत मध्येच जॉब ओढू नका. जुन्या चकला साधा रेक्टिफायर (एसीचा डीसी करणारा) आणि उलटा प्रवाह देणारा स्विच असतो. तिथे उलटा झटका क्षणभरच द्यायचा असतो. जास्त वेळ दाबून धरला तर पट्टी साफ होण्याऐवजी उलट्या दिशेने चुंबकित होते, आणि मग माणूस म्हणतो ‘डीमॅग केलं तरी आहेच’.

जॉब अर्धवट सुटलेला असताना चकवरून घासत ओढायचा नाही, हेही तितकंच महत्त्वाचं. चिनी विद्वान शेन क्वो यांनी १०८८ च्या सुमारास सुई चुंबकपाषाणावर घासून होकायंत्र करायची रीत लिहून ठेवली आहे, आणि ती सुई नेमकी दक्षिणेला नव्हे तर किंचित पूर्वेकडे झुकते हेही नोंदवलं आहे. कडक पोलाद चुंबकावरून एका दिशेने घासणं हा चुंबक बनवायचा जगातला सगळ्यात जुना कृतिपाठ. तुम्ही रोज पन्नास पट्ट्यांवर तोच करत असाल तर गॉस वाढणारच.

धुलाईचा क्रम विचारलेला नाही, पण भुकटीचं कोडं तिथेच सुटतं. ग्राइंडिंगची भुकटी पोलादाचीच, तीही चुंबकित झालेली असते. म्हणून आधी कूलंटने जाड गाळ काढा, मग डीमॅग, आणि पुन्हा स्वच्छ धुवा. डीमॅग न करता फडक्याने पुसलं की भुकटी फक्त एका कडेवरून दुसऱ्या कडेवर सरकते, आणि भोकं किंवा आटे असतील तर त्यांत जाऊन बसते. गाइड पट्टीवर पुढे काही सरकणार आहे. तिथे ही भुकटी सँडपेपरचं काम करते. ३ गॉसची अट गिऱ्हाइकाने घातलीय ती यासाठी.

मोजण्याबद्दल. गॉसमीटरचा हॉल प्रोब (क्षेत्र टिपणारं टोक) जॉबच्या पृष्ठभागाला सपाट टेकवून सगळीकडे फिरवा, एका जागी टेकवून आकडा लिहू नका. कोपऱ्यांवर आणि कडांवर आकडा नेहमी जास्त असतो. मधोमध १ आणि कोपऱ्यावर ६ हे सहज घडतं. गिऱ्हाईक कोपऱ्यावर मोजतंय की मधोमध, हे लेखी विचारून घ्या. निम्मी भांडणं तिथे मिटतात. त्यांचा मीटर मिलिटेस्लात असेल तर १ मिलिटेस्ला म्हणजे १० गॉस, ०.३ मिलिटेस्ला आणि ३ गॉस एकच. टाचणी चिकटत नाही म्हणजे पास, असं समजू नका. टाचणीची कसोटी ढोबळ आहे, ३ गॉस तिला कळत नाही.

मोजताना आजूबाजूला लोखंड नको. मीटर शून्य करताना प्रोब ज्या दिशेला धरला त्याच दिशेला मोजताना धरा, कारण पृथ्वीचं स्वतःचं क्षेत्र आपल्याकडे सुमारे ०.४ गॉस आहे. ३ गॉसच्या मर्यादेत ते दुर्लक्षण्याइतकं लहान नाही. किती जपावं लागतं याचा आपल्याच राज्यातला दाखला द्यायचा तर मुंबईच्या कुलाबा वेधशाळेचा. तिथे १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होत होत्या. मुंबईत विजेच्या ट्राम येणार असं ठरलं तेव्हा त्यांच्या प्रवाहाने नोंदी बिघडतील म्हणून १९०४ मध्ये अलिबागला नवी वेधशाळा सुरू केली. मोजमापासाठी लोखंड टाळून बांधलेल्या खोल्या होत्या. आपल्या शॉपमध्ये मात्र मार्किंग टेबलच्या ओतीव लोखंडावर पट्टी ठेवून मोजतात आणि शेजारी मॅग्नेटिक बेस उभा असतो. लाकडी फळी घ्या, एवढंच.

आता मिस्त्रींची हातोडी. मिस्त्री पूर्ण खोटं बोलत नाहीत. ठोकल्याने डोमेन हादरतात, अडकलेल्या काठ्या सुटतात, आणि थोडंफार चुंबकत्व जातंही. पण सुटलेली काठी कुठे वळणार, हे त्या क्षणी आजूबाजूचं क्षेत्र ठरवतं, आणि आजूबाजूला पृथ्वी कायम आहे. विल्यम गिल्बर्ट या इंग्रज वैद्याने १६०० मध्ये चुंबकावरचा जो ग्रंथ लिहिला, त्यात एक चित्र आहे: लोहार ऐरणीवर तापलेली सळई ठोकतोय आणि सळईची टोकं उत्तर-दक्षिण ठेवलेली आहेत. अशी ठोकत ठोकत थंड केलेली सळई चुंबक होते, हे त्याने दाखवलं. म्हणजे ठोकून चुंबक घालवताही येतो आणि आणताही येतो. पट्टी कुठल्या दिशेला पडली आहे यावर ते ठरतं. इंग्लंडात पृथ्वीचं क्षेत्र जमिनीत तिरपं, खोल घुसतं. महाराष्ट्रात ते बरंचसं आडवं आहे, त्यामुळे आपल्याकडे टेबलावर उत्तर-दक्षिण पडलेली लांब पट्टी ठोकणं जास्त धोक्याचं. लांब शाफ्ट किंवा बार डीमॅग करतानाही त्याची लांबी पूर्व-पश्चिम ठेवतात ते याचसाठी. तुमची पट्टी २०० मिमीची आहे, फार फरक पडणार नाही, पण प्लेट पूर्व-पश्चिम मांडायला पैसे लागत नाहीत. शिवाय ६० एचआरसीच्या पट्टीवर हातोडी मारली तर कडेची खपली उडेल. मिस्त्रींना एवढं सांगा.

गिल्बर्टबद्दल आणखी एक सांगतो, कारण आपल्या शॉपमध्येही असली ऐकीव विद्या पुष्कळ चालते. त्या काळी युरोपात ठाम समजूत होती की लसूण चोळला की चुंबक मरतो आणि हिऱ्यावर घासलेलं लोखंड चुंबकासारखं उत्तरेकडे वळतं. गिल्बर्टने ७५ हिरे घेऊन, साक्षीदार समोर ठेवून प्रयोग केला. काहीही झालं नाही. लसणाचंही तेच. त्याच्या आधी पंधराशे वर्षं शहाणीसुरती माणसं लसणाचं हे लिहीत आली होती, आणि लसूण तर प्रत्येकाच्या घरात होता!

आगीचा उपाय मात्र खरा आहे, आणि तुमच्या कामाला निरुपयोगी. लोखंड सुमारे ७७० अंश सेल्सिअसच्या वर गेलं की त्याचं चुंबकत्व पूर्ण जातं. पिएर क्युरी यांनी १८९५ मध्ये यावर काम केलं, म्हणून त्याला क्युरी तापमान म्हणतात. पोलाद हार्डनिंगच्या तापमानाला आलं का, हे लोहार चुंबक लावून बघतो, ते याच्याच आधाराने: चिकटेना झालं की जवळ आलं. पण तुमची पट्टी हार्डनिंगनंतर साधारण १५०-२०० अंशांवर टेंपर केलेली. ती ७७० ला नेली तर चुंबकत्वाबरोबर ६० एचआरसीही गेलं.

आता काकांचा चक. इलेक्ट्रोमॅग्नेटिक चक ‘म्हातारा’ होतो म्हणजे त्यातलं लोखंड थकत नाही. पकड ढिली झाली असेल तर कारणं मोजून काढता येतात. नेमप्लेटवर व्होल्ट वाचा (११० व्होल्ट डीसी असे चक बरेच असतात) आणि चक चालू असताना टर्मिनलवर मोजा. रेक्टिफायरचा एखादा डायोड गेला असेल तर इथेच कळतं. व्होल्ट बरोबर असतील तर प्रवाह नेमप्लेटशी ताडून बघा. कमी असेल तर एखादी कॉइल तुटलीय. चक बंद करून, वायर सोडवून ५०० व्होल्टच्या मेगरने इन्सुलेशन तपासा. कूलंट आत शिरलं असेल तर ते १ मेगओमच्याही खाली आलेलं दिसतं. असा चक चालवू नका, ऑपरेटरला शॉक बसेल. हे इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या.

विजेचं सगळं ठीक असेल तर फटीकडे बघा. चुंबकाच्या पकडीचा सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे हवेची फट. हीट ट्रीटमेंटनंतर वाकलेली पट्टी, टेकलेल्या अंगावरची बर (कडेला उभा राहिलेला धातूचा पापुद्रा), चकवर पडलेला ओरखडा, मधे चिकटलेली तीच काळी भुकटी; यातल्या कशानेही ०.१ मिमीची फट पडली तरी पकड चांगलीच घसरते. सुश्रुतसंहितेत शरीरात घुसलेलं लोखंडी शल्य अयस्कांताने (लोहचुंबकाने) काढायची रीत सांगितली आहे, आणि तिला अटी घातल्या आहेत: शल्य सरळ बाहेर येण्याच्या दिशेला असावं, कुठे अडकलेलं नसावं, त्याला काटे-कान नसावेत, आणि जखमेचं तोंड मोठं असावं. चुंबक जवळ नेला की काम झालं, असं त्या लिहिणाऱ्यालाही वाटत नव्हतं. तो वैद्य अडथळा आणि अंतर ओळखून होता. बर तेलदगडाने काढा, चकवरून हात फिरवून बघा, ओरखडे असतील तर चकचा माथा हलका ग्राइंड करून घ्या. प्रत्येक वेळी ०.०२-०.०४ मिमीपेक्षा जास्त घेऊ नका. वरची प्लेट पातळ झाली की कूलंट आत जायला वाट होते.

कधी कधी चक निर्दोष असतो आणि जॉबच त्याला न मानवणारा असतो. पट्टी कमीत कमी दोन ध्रुवांवर बसली पाहिजे, नाहीतर चुंबकरेषांना वळून परत यायला वाट नाही. ५ मिमीच्या आतले पातळ जॉब रुंद ध्रुवांच्या चकवर नीट धरत नाहीत, तिथे बारीक ध्रुवांचा चक हवा. कडक पोलाद मऊ पोलादापेक्षा थोडं कमीच धरतं. ३०४ स्टेनलेस धरतच नाही, ४१० धरतं. परमनंट मॅग्नेटचा चक असेल तर वेगळी गोष्ट: आत फेराइट किंवा निओडायमियमचे चुंबक असतात. निओडायमियमच्या साध्या ग्रेडला ८० अंशांच्या वर तापवू नये असं सांगतात, आणि तो चक चुकूनही डीमॅग्नेटायझरजवळ नेऊ नका.

उद्या सकाळी लगेच करायचं एवढंच: एका पट्टीवर कागद ठेवून भुकटीचे पट्टे बघा, दहा पट्ट्या संथ हाताने डीमॅग करून लाकडी फळीवर चारही कोपऱ्यांना मोजा, आणि चकचे व्होल्ट बघा. या तिन्हींना मिळून तासभर लागणार नाही. दहाच्या दहा ३ च्या आत आल्या तर नवीन काही घेऊ नका.

राहिला सोमनाथ. महमुदाची स्वारी १०२५-२६ ची, आणि मूर्ती अधांतरी होती ही गोष्ट आपल्यापर्यंत येते ती मुख्यतः झकरिया अल्-कझविनी या १३व्या शतकातल्या लेखकाकडून. म्हणजे दोनशे वर्षांहून जास्त काळानंतर. तीच गोष्ट त्याच्याही खूप आधी दुसऱ्या देवळाबद्दल सांगितली जात होती: रोमन लेखक प्लिनीने पहिल्या शतकात लिहिलंय की अलेक्झांड्रियात राणी आर्सिनोईच्या देवळाचं छत चुंबकपाषाणाचं करून तिची लोखंडी मूर्ती अधांतरी ठेवायचा बेत होता, तो पुरा झाला नाही. तुम्ही स्वतः करून बघा. वर एक चुंबक लावा, खाली खिळा धरा. एकतर तो वर जाऊन आदळेल, नाहीतर खाली पडेल. मधे थांबणार नाही. १८४२ मध्ये सॅम्युएल अर्नशॉ या इंग्रज गणितज्ञाने हे सिद्ध केलं: नुसते स्थिर चुंबक आणि लोखंड कसंही मांडलं तरी वस्तू हवेत स्थिर राहू शकत नाही. छताच्या जागी चारही बाजूंनी पाषाण लावले तरी नाही. बाजारात तरंगणारे खेळ मिळतात, त्यांत एकतर दांडी किंवा भिंत आधाराला असते, किंवा भोवरा फिरत असतो, किंवा आत सर्किट सेकंदाला अनेक वेळा प्रवाह कमी-जास्त करत असतं. ते सर्किट काढून ठेवा, खेळणं लगेच चुंबकाला जाऊन चिकटेल, नाहीतर खाली पडेल.